व्हेना कावा फिल्टरचं बिल कसं वाचायचं? घालायचा कोड, काढायचा कोड आणि मधले दिवस

पायातल्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली, ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका आहे आणि रक्त पातळ करणारं औषध देता येत नाही, असं डॉक्टर सांगतात. मग पोटातल्या मोठ्या शिरेत एक छोटी जाळी बसवायची ठरते. कागदावर तिचं नाव 'आयव्हीसी फिल्टर' असं येतं. काम साधारण तासाभरात होतं. त्याचं बिल आणि त्या बिलामागचे कोड मात्र पुढचे कित्येक महिने नातेवाइकांच्या मागे लागतात.

या फिल्टरचं बिल इतर शस्त्रक्रियांच्या बिलांपेक्षा वेगळं आहे. अपेंडिक्स काढलं की काम संपलं. आजकाल बसवले जाणारे बहुतेक फिल्टर मात्र काढता येण्याजोगे असतात आणि गरज संपली की काढायचे असतात. म्हणजे काम एकाच उपचाराचं, पण रुग्णालयात दोनदा जायचं, दोन बिलं, दोन कोड. पहिलं बिल होतं, मंजूर होतं, भरलं जातं. दुसरं बऱ्याचदा होतच नाही, कारण रुग्ण परत आलेलाच नसतो.

फिल्टर कधी बसवतात?

शरीराच्या खालच्या भागातलं रक्त हृदयाकडे नेणारी मुख्य शीर म्हणजे 'इन्फिरिअर व्हेना कावा'. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'आयव्हीसी'. पाटाच्या तोंडाशी काडीकचरा अडवायला जाळी लावतात, तशीच ही जाळी. रक्त जाऊ द्यायचं, गुठळी अडवायची. मानेतल्या किंवा जांघेतल्या शिरेत सुईने वाट करून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत, बारीक नळीतून फिल्टर आत नेतात आणि शक्यतो मूत्रपिंडाच्या शिरा जिथे मिळतात त्याच्या खाली उघडतात. त्या जागी भूल देऊन भागतं, पोट उघडावं लागत नाही. हे काम कॅथ लॅबमध्ये होतं, बहुधा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट किंवा रक्तवाहिन्यांचे सर्जन करतात.

गुठळीवरचा पहिला इलाज रक्त पातळ करणारं औषधच आहे. मेंदूत रक्तस्राव झालेला आहे, मोठं ऑपरेशन नुकतंच झालंय किंवा लगेच करायचंय, अथवा औषध चालू असूनही गुठळ्या होतायत, अशा वेळी फिल्टरचा विचार होतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रेपिक' या फ्रेंच अभ्यासात ४०० रुग्ण होते. पहिल्या १२ दिवसांत फुप्फुसात गुठळी जाण्याचं प्रमाण फिल्टर असलेल्यांत १.१ टक्के, नसलेल्यांत ४.८ टक्के. पण दोन वर्षांनी पायात पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण फिल्टरवाल्यांत २०.८ टक्के निघालं आणि बिनफिल्टरवाल्यांत ११.६ टक्के. मृत्यूंच्या प्रमाणात म्हणावा असा फरक नव्हता. सुरुवातीला राखण करणारी जाळी राहून गेली की स्वतःच अडचण होते, ती अशी.

म्हणूनच विमा कंपनीचा किंवा योजनेचा डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतो: औषध का दिलं नाही? याचं उत्तर कागदावर नसेल तर पुढचे सगळे कोड बरोबर असूनही दावा अडकतो.

धावड्याहून निघालेला कागद

भोकरदन तालुक्यातलं धावडा हे जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं, बुलढाणा जिल्ह्याच्या सीमेजवळचं गाव. अशा गावातल्या माणसाला फिल्टर लागला, तर तो कॅथ लॅब असलेल्या मोठ्या शहरातच बसतो. धावडेकरांसाठी ते बहुधा छत्रपती संभाजीनगर.

एक उदाहरण घेऊ. ते कल्पित आहे, पण मार्ग अनेकांनी चाललेला आहे. धावड्याचा एक शेतकरी मोटारसायकलवरून पडतो. मांडीचं हाड मोडतं, डोक्यात थोडा रक्तस्राव होतो. आधी भोकरदन, तिथून रुग्णवाहिकेने संभाजीनगर. हाडाचं ऑपरेशन होतं. आठव्या-नवव्या दिवशी पाय सुजतो, डॉपलर तपासणीत मांडीच्या शिरेत गुठळी दिसते. डोक्यातल्या रक्तस्रावामुळे रक्त पातळ करणारं औषध देणं धोक्याचं. दहाव्या दिवशी फिल्टर बसतो.

आता पैशाची घड्याळं बघा. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये लागू केलेल्या कॅशलेस योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळतो, पण अपघाताच्या तारखेपासून ७ दिवसांपुरता. आपल्या शेतकऱ्याचा फिल्टर दहाव्या दिवशी बसला, म्हणजे हे घड्याळ आधीच थांबलेलं. त्यानंतरची वाट महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची. २ जुलै २०१२ रोजी 'राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना' या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१३ मध्ये राज्यभर गेलेली हीच ती योजना. नाव २०१७ मध्ये बदललं, १ एप्रिल २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी ती जोडली गेली आणि २०२४ पासून संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत गेलं. पिवळं, केशरीच नव्हे, आता पांढरं रेशन कार्ड असलेली कुटुंबंही तिच्यात येतात.

या योजनेच्या पॅकेजमध्ये ऑपरेशन, औषधं, तपासण्या, जेवण येतं. घरी परतायचं एसटीचं भाडंसुद्धा येतं, हे अनेकांना माहीत नसतं. आणि डिस्चार्जनंतरचे १० दिवस येतात. अकराव्या दिवशी पॅकेजचं घड्याळ थांबतं.

फिल्टर काढायची वेळ केव्हा येते? अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये डॉक्टरांना दिलेल्या सूचनेत एका गणिती मॉडेलचा हवाला आहे. धोका टळला असेल, तर बसवल्यापासून २९ ते ५४ दिवसांच्या दरम्यान फिल्टर ठेवण्यापेक्षा काढणं फायद्याचं ठरू लागतं, असं ते मॉडेल सांगतं. हा कायदा नाही आणि प्रत्येक रुग्णाचा निर्णय त्याचा डॉक्टरच घेईल. पण ७ दिवस, १० दिवस आणि २९ ते ५४ दिवस हे आकडे शेजारी ठेवले की गोम लक्षात येते. काढायची वेळ येते तेव्हा पहिल्या बिलाची सगळी दारं बंद झालेली असतात. काढण्यासाठी नवा केस, नवी पूर्वपरवानगी, नवा कोड लागतो.

कोड म्हणजे काय आणि तो कोण लिहितं?

बिल माणसांसाठी असतं, कोड यंत्रणेसाठी. 'पायात गुठळी होती, फिल्टर बसवला' हे वाक्य प्रत्येक डॉक्टर वेगळं लिहितो. हिशेब करणाऱ्याला मात्र ठरलेला आकडा लागतो. त्यासाठी दोन प्रकारचे कोड असतात. आजार कोणता हे सांगणारा एक आणि काय केलं हे सांगणारा दुसरा. दोन्ही एकमेकांना शोभले पाहिजेत. आजाराचा कोड 'पाय सुजला' एवढंच सांगत असेल आणि उपचाराचा कोड 'पोटातल्या शिरेत फिल्टर' म्हणत असेल, तर तपासणारा थांबणारच.

आजारांची यादी जागतिक आरोग्य संघटनेची, तिचं नाव आयसीडी. भारतात खाजगी विम्याच्या दाव्याचा जो 'भाग ब' रुग्णालय भरतं, त्यात आयसीडी-१० च्या आजारकोडांसाठी रकाने आहेत आणि उपचारासाठी 'आयसीडी-१० पीसीएस' चे रकाने आहेत. पहिली यादी जागतिक आणि दुसरी अमेरिकी, दोन्ही एकाच पानावर. गोंधळ इथूनच सुरू होतो.

पायाच्या खोल शिरेतल्या गुठळीचा जागतिक आयसीडी-१० मधला कोड आहे आय-८०.२. अमेरिकेने स्वतःसाठी वाढवलेल्या आवृत्तीत हाच आजार आय-८२.४ खाली जातो आणि तिथे पुढचे आकडे उजवा पाय की डावा, मांडीची शीर की पोटरीची हेही सांगतात. उजव्या मांडीच्या शिरेतली ताजी गुठळी आय-८२.४११, डाव्या मांडीची आय-८२.४१२. जागतिक यादीत आय-८२.४ असा कोडच नाही. त्यामुळे अमेरिकी अभ्यासक्रम शिकून आलेला कोडर इकडच्या फॉर्मवर सवयीने तिकडचा कोड टाकतो आणि सॉफ्टवेअर जुनं असेल तर ते तो ओळखत नाही. फुप्फुसात गुठळी गेलेली असेल तर दोन्हीकडे आय-२६. हृदयाच्या उजव्या बाजूवर अचानक ताण आला असेल तर .०, नसेल तर .९ च्या घरात. या एका आकड्यावर आजार किती गंभीर होता हे ठरतं.

उपचाराच्या बाजूला पीसीएसमध्ये फिल्टर बसवण्याचा कोड सात अक्षर-अंकांचा आहे: ०६एच०३डीझेड. यातलं प्रत्येक घर काहीतरी सांगतं. ०६ म्हणजे खालच्या शिरा, एच म्हणजे आत बसवणं, पुढचं ० म्हणजे व्हेना कावा, ३ म्हणजे त्वचेतून सुईने, डी म्हणजे शिरेच्या पोकळीत राहणारं उपकरण. काढण्याचा कोड वेगळा, ०६पीवाय३डीझेड. गंमत म्हणजे बसवताना शिरेचं नेमकं नाव सांगावं लागतं, काढताना नुसतं 'खालची शीर' म्हटलं तरी चालतं.

आयुष्मान भारतची पॅकेजं या सगळ्यापासून वेगळी. त्यांची स्वतःची यादी आहे. २०२२ च्या आवृत्तीत १,९४९ उपचार होते. तिथे कोडची सुरुवातीची अक्षरं विभाग सांगतात आणि काही पॅकेजांत उपकरणाची किंमत वेगळी धरलेली असते. महाराष्ट्राच्या योजनेची उपचारयादी २०२३ च्या शासन निर्णयाने १,३५६ वर नेली गेली, त्यातले काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव असतात. याद्या बदलत राहतात. त्यामुळे मोबाइलवर फिरणाऱ्या जुन्या पीडीएफवर विसंबून चालत नाही. दाखल करतानाच आरोग्यमित्राला तीन गोष्टी विचाराव्यात: कोणत्या कोडखाली केस नोंदवताय, त्यात फिल्टरची किंमत धरलीय का, आणि काढायला आलो तर कोणता कोड लागेल. आरोग्यमित्र रुग्णालयाच्या दारातच बसतो. तो नसेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० हे योजनेचे टोल फ्री क्रमांक आहेत.

अमेरिकेचं बिल, पुण्यातला कोडर

जालना असो की संभाजीनगर, 'मेडिकल कोडिंग शिका' असे फलक आता नवे राहिलेले नाहीत. जीवशास्त्र किंवा फार्मसीचे पदवीधर हा कोर्स करून पुण्या-मुंबईच्या, हैदराबाद-चेन्नईच्या कंपन्यांत लागतात आणि अमेरिकी रुग्णांची बिलं कोडमध्ये बसवतात. त्यांच्या रोजच्या कामात हा फिल्टर येतो, आणि तिथली पद्धत समजली की आपल्या बिलातली पोकळीही दिसते.

तिथे डॉक्टरच्या कामाचे कोड 'सीपीटी' या यादीतून येतात, ती यादी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या मालकीची आहे. २०१२ पर्यंत फिल्टरसाठी दोन ओळी लिहिल्या जात. बसवण्याची एक आणि एक्स-रेखाली देखरेख केल्याची दुसरी. २०१२ पासून तीन नवे कोड आले. ३७१९१ म्हणजे फिल्टर बसवणं, ३७१९२ म्हणजे आधी बसवलेला सरकवून नीट करणं, ३७१९३ म्हणजे काढणं. ३७१९१ मध्ये शिरेत वाट करणं, नळी नेणं, एक्स-रे आणि सोनोग्राफीची मदत, त्याचा अहवाल हे सगळं एकत्र बांधलेलं आहे. त्याच वेळी बसवताना जरा खालीवर केला म्हणून ३७१९२ वेगळा लावता येत नाही. एकत्र बांधलेल्या कामाचे तुकडे करून वेगवेगळे पैसे मागण्याला कोडर 'अनबंडलिंग' म्हणतात, आणि तिथे तो चुकीचा दावा समजला जातो. उपकरणासाठी मात्र स्वतंत्र कोड आहे, सी-१८८०.

३७१९३ हा कोड स्वतंत्र असणं महत्त्वाचं आहे. काढणं हे वेगळं काम आहे आणि त्याचे वेगळे पैसे आहेत, हे यंत्रणेनेच मान्य केलेलं आहे. तरीही फिल्टर आतच राहतात. बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातल्या नोंदींचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काढता येण्याजोगे ६७९ फिल्टर तिथे बसवले गेले होते, त्यातले ५८ यशस्वीरीत्या काढले गेले. म्हणजे ८.५ टक्के. जिथे काढण्याचा कोड आहे तिथे ही गत. जिथे तो कोड रुग्णाला माहीतच नाही, तिथला हिशेब ज्याने त्याने करावा.

राहिलेला फिल्टर काय करतो? अमेरिकी औषध प्रशासनाने ऑगस्ट २०१० मध्ये पहिली सूचना काढली, तेव्हा २००५ पासूनच्या ९२१ तक्रारी त्यांच्याकडे जमा होत्या. ३२८ प्रकरणांत फिल्टर जागेवरून सरकला होता, १४६ मध्ये त्याचा सुटलेला भाग रक्तासोबत वाहून गेला होता, ७० मध्ये शिरेला भोक पडलं होतं, ५६ मध्ये फिल्टर मोडला होता. हजारो फिल्टर बसवले जातात त्या मानाने हे आकडे मोठे नाहीत, आणि आलेली प्रत्येक तक्रार म्हणजे सिद्ध झालेला दोष नव्हे. पण 'एकदा बसवला की विसरा' ही समजूत त्यांनी मोडली.

या अडचणींनाही कोड आहेतच. अमेरिकी यादीत टी-८२.५२५ म्हणजे 'छत्रीसारखं उपकरण जागेवरून सरकलं'. छत्री का, तर १९६७ मध्ये आलेला मोबिन-उद्दीन यांचा फिल्टर खरोखरच छत्रीच्या आकाराचा होता. पुढे १९७३ मध्ये डॉ. लाझार ग्रीनफिल्ड यांचा शंकूसारखा फिल्टर आला आणि तोच प्रघात पडला, तो बनवायला त्यांच्या सोबतीला तेलउद्योगातले एक अभियंता होते. छत्री गेली, कोडमध्ये शब्द राहिला.

आपल्याकडचं बिल ओळीओळीने

खाजगी रुग्णालयाच्या बिलात फिल्टरच्या दिवशी साधारण अशा ओळी दिसतात: कॅथ लॅबचं भाडं, डॉक्टरची फी, भूलतज्ज्ञ असेल तर त्याची फी, फिल्टर, शीथ-वायर-कॅथेटर असं साहित्य, कॉन्ट्रास्ट औषध, आधी-नंतरच्या डॉपलर आणि सीटी तपासण्या. त्यात सगळ्यात मोठी रक्कम बहुधा फिल्टरचीच असते, म्हणून तिथे थांबून वाचावं.

फिल्टरला हृदयाच्या स्टेंटसारखी सरकारी कमाल किंमत नाही. स्टेंटची किंमत फेब्रुवारी २०१७ मध्ये बांधली गेली, गुडघ्याच्या सांध्याची त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. फिल्टर त्या यादीत नाही. मात्र १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या व्याख्येत आली, त्यामुळे छापील किंमत एका वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही आणि छापील किमतीपेक्षा जास्त घेताही येत नाही. ती किंमत कुठे छापलेली असते? खोक्यावर. त्यामुळे खोक्यावरचं लेबल किंवा त्याचा फोटो मागून घ्यावा. उपकरणासोबत येणारं स्टिकर, ज्यावर मॉडेल आणि बॅच क्रमांक असतो, ते केस पेपरवर लावतात. विमा कंपन्या दाव्यासोबत हे स्टिकर आणि खरेदीचं बिल मागतात. तेच स्टिकर पुढे फिल्टर काढणाऱ्या डॉक्टरला लागतं, कारण प्रत्येक मॉडेलची रचना निराळी असते. काउंटरवर मागायला संकोच वाटतो खरा, पण सहा महिन्यांनी रेकॉर्ड रूममधून ते मिळवणं जास्त जिकिरीचं होतं.

दुसरी बघायची ओळ साहित्याची. फिल्टर बहुतेकदा संचात येतो, आत नेण्याची नळी त्याच खोक्यात असते. बिलात फिल्टरही आहे आणि 'डिलिव्हरी शीथ' वेगळी लावलीय, तर ती संचातलीच की जादा वापरलेली, हे विचारायला हरकत नाही. जादाची गरज पडू शकते. पण मग तिचंही स्टिकर असेल.

तिसरी गोष्ट खोलीच्या भाड्याची. पॉलिसीत खोलीची मर्यादा ३,००० रुपये आहे आणि घेतली ६,००० ची, तर कंपनी इतर खर्चातही त्याच प्रमाणात कपात करते. विमा नियामक संस्थेच्या २०२० च्या नियमांनुसार औषधं, साहित्य, शरीरात बसवलेली उपकरणं आणि तपासण्या या कपातीच्या बाहेर आहेत. बिलातली सगळ्यात जड ओळ फिल्टरची, आणि नेमकी तीच कपातीतून सुटते. कंपनीने सरसकट निम्मं कापलं असेल तर हा नियम दाखवून पुन्हा हिशेब मागता येतो.

कॅशलेससाठीचे नियम मे २०२४ मध्ये कडक झाले. दाखल करतानाच्या विनंतीवर कंपनीने तासाभरात निर्णय द्यायचा, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी. तीन तासांपुढे उशीर झाला आणि त्यामुळे रुग्णालयाने जादा पैसे लावले, तर ते कंपनीने सोसायचे. तक्रार आधी कंपनीकडे, मग 'बिमा भरोसा' पोर्टलवर. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. जालना जिल्ह्यासाठी ते कार्यालय पुण्यात आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही.

योजनेत नाव बसत नाही आणि विमाही नाही, अशांसाठी एक वाट धर्मादाय रुग्णालयांची. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं, साहित्य आणि शरीरात बसवलेली उपकरणं यांचा हिशेब रुग्णालयाच्या खरेदीदराने होतो आणि त्यातला निदान निम्मा भाग रुग्णाला भरावा लागतो. त्यामुळे इथेही फिल्टरच्या खरेदीचं बिल बघायला मागण्याला अर्थ आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हाताशी लागतो, तो भोकरदनहून आणायला माणूस पाठवावा लागतो, म्हणून दाखल झाल्या दिवशीच कामाला लागलेलं बरं.

डिस्चार्ज कार्डावरच्या चार ओळी

कोडर रुग्णाला भेटत नाही. तो फक्त कागद वाचतो, आणि कागदावर नसलेलं त्याच्या लेखी घडलेलं नसतं. म्हणून घरी निघण्याआधी डिस्चार्ज कार्डावर काय लिहिलंय ते बघावं. गुठळी कोणत्या पायात, कोणत्या शिरेत आणि कोणत्या तारखेच्या डॉपलरवर दिसली. रक्त पातळ करणारं औषध का देता आलं नाही. फिल्टर कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल, कायमचा की काढता येण्याजोगा. आणि काढायचा असेल तर केव्हा, कोणाकडे दाखवायचं. शेवटची ओळ सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. '१५ दिवसांनी ओपीडीत या' एवढंच लिहिलेलं असतं, ते बहुधा टाके बघायला. हाडाचे डॉक्टर टाके बघतात, हाड बघतात, रुग्ण धावड्याला परततो, पेरणी येते. फिल्टर बसवणारा डॉक्टर वेगळ्या विभागात असतो आणि त्याच्याकडे परत जायला कुणी सांगितलेलंच नसतं.

कार्ड अपुरं असेल तर डॉक्टरकडून भर घालून घेता येते. कागद हरवले तर वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरने मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. पण नोंदी जपून ठेवायची सक्ती तीन वर्षांचीच आहे. राज्यातल्या खाजगी रुग्णालयांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणं २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केलंय. त्या दरपत्रकात फिल्टर सापडेलच असं नाही, पण तक्रार कुठे करायची तो क्रमांक तिथे असतो.

काढायला परत गेल्यावर

मानेतल्या शिरेतून बारीक फास आत सोडून फिल्टरचं टोक पकडतात आणि तो नळीत ओढून बाहेर काढतात. बऱ्याचदा रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. इथे खाजगी विम्यात एक खुसपट निघतं. २४ तास दाखल नव्हता, म्हणून दावा नाही, असं सांगितलं जातं. ज्या उपचारांना नव्या तंत्रामुळे २४ तास लागत नाहीत ते 'डे केअर' म्हणून पॉलिसीत येतात. जाण्याआधीच कंपनीला उपचाराचं नाव आणि कोड कळवून लेखी उत्तर घ्यावं. डिस्चार्जनंतरच्या खर्चाची मुदत पॉलिसीनुसार सहसा ६० किंवा ९० दिवसांची असते. आधीची डॉपलर आणि ओपीडीची बिलं त्या मुदतीत बसतात, काढण्याचा खर्च मात्र स्वतंत्र दावा म्हणून घालणं सोपं जातं. आणखी एक. फिल्टर शिरेला घट्ट चिकटलेला असेल तर काढायचा प्रयत्न फसू शकतो. कॅथ लॅब वापरली गेली म्हणजे बिल होणारच. असं झालं तर किती आकारणार, हे आधी विचारून ठेवलेलं चांगलं.

अपघाताच्या केसमध्ये फिल्टर काढण्याचा खर्च मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढेही मांडता येतो. तिथे झालेल्या खर्चासोबत 'भविष्यातील वैद्यकीय खर्च' असाही एक भाग भरपाईत धरला जातो. फिल्टर काढता येण्याजोगा आहे आणि काढायचा आहे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असेल तर वकिलाला त्यासाठी अंदाजपत्रक जोडता येतं. नुसतं 'फिल्टर बसवला' असेल तर मागायला आधार उरत नाही.

डॉक्टरांनी विचार करून फिल्टर कायमचा ठेवायचं ठरवलं, तर तेही चालतं. वयस्कर रुग्णात किंवा औषध कधीच देता येणार नाही अशा माणसात तो निर्णय योग्यच असू शकतो. मग पुढच्या प्रत्येक केस पेपरवर एक कोड यायला हवा, झेड-९५.८: शरीरात रक्तवाहिनीतलं उपकरण आहे. हा कोड ना पैसे मिळवून देतो ना दावा अडवतो. पाच वर्षांनी पोट दुखतं म्हणून सीटी काढली किंवा एमआरआयची वेळ आली, तर पडद्यावर दिसणारी ती जाळी काय आहे आणि कधीची आहे, हे समोरच्या डॉक्टरला त्यावरून कळतं.